भाड्याची तार



१७६१ च्या जानेवारींत पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला, ती वार्ता नानासाहेब पेशव्यांस कशी कळली, ही कथा आपणांपैकीं बहुतेकांनीं शाळेंतच ऐकिली असेल. पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. भेलशाच्या बाजूस त्यांचा मुक्काम असतां एका सावकाराचें पत्र घेऊन दक्षिणेकडे चाललेला जासूद त्यांच्या माणसांच्या हातीं लागला. पत्र व्यापाऱ्याचें आणि भाषा हिशेबाची; परंतु त्यांत मोत्यांचा, मोहरांचा आणि खुर्द्याचा म्हणून जो हिशेब मांडला होता, तो माणसांचा होता, असें सांगतात. राज्याच्या डाकेच्या अगोदर सावकाराचें पत्र पोंचलें, आणि एका सत्ताधीशाला आपल्या घरचें दुःख दुसऱ्याच्या खाजगी टपालांतून कळलें.

या कथेंतील करुण भाग क्षणभर बाजूस ठेवून मी आज एक रूक्ष प्रश्न विचारणार आहें. राज्याची डाक असतां सावकार स्वतःचा जासूद कां बाळगीत असे? त्याचीं कारणें तीन. पहिलें कारण खात्री : आपलें पत्र दुसऱ्याच्या थैलीखालीं पडून राहणार नाहीं. दुसरें कारण एकांत : आपला व्यवहार चारचौघांच्या नजरेस पडणार नाहीं. आणि तिसरें कारण ताबा : कोणत्या वाटेनें जावें, कोठें थांबावें, केव्हां निघावें हें ठरविणारे आपणच. या तीन गोष्टींसाठीं माणूस सार्वजनिक वाट सोडून खाजगी वाटेचा खर्च सोसत आला आहे. साधनें बदललीं, पण ही गरज बदललेली नाहीं.

आज त्या वाटेचें जें रूप आहे तें असें. एखाद्या बँकेचे, कारखान्याचे किंवा इस्पितळाचे संगणक त्यांच्या स्वतःच्या इमारतींत असतात. त्याच वेळीं त्यांचें कांहीं काम दूरच्या मोठाल्या यंत्रशाळांत चालतें. या यंत्रशाळांतील संगणक कोणालाहि, वापरावे तितक्या वेळापुरते, भाड्यानें मिळतात. यालाच 'क्लाउड' म्हणजे मेघ म्हणतात. घरचा संगणक व हा मेघ यांना सार्वजनिक इंटरनेटच्या वर्दळींतून न जातां जोडणारी जी स्वतंत्र वाहिनी, तिचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. इतिहास म्हणण्याचें कारण असें कीं, ही वाहिनी काल-परवांची वाटली तरी तिचें कुळ पावणेदोनशे वर्षांहून जुनें आहे.

प्रारंभ फ्रान्सपासून करूं. क्लोद शाप यानें उभारलेल्या दृष्टि-तारायंत्राची पहिली ओळ १७९४ सालीं पॅरिस ते लील अशी सुरू झाली. ठिकठिकाणीं मनोऱ्यांवर लांकडी हात बसवावयाचे, एका मनोऱ्यावरील माणसानें दुर्बिणींतून शेजारच्या मनोऱ्यावरील हातांची आकृति पाहावयाची आणि तशीच आकृति आपल्या यंत्रानें करून पुढें द्यावयाची, अशी ही योजना होती. ती केवळ सरकारच्या उपयोगासाठीं होती. व्यापाऱ्यास तिची दारें बंद होतीं. परंतु बोर्दो शहरांत सरकारी रोख्यांचा व्यवहार करणारे ब्लां नांवाचे दोघे भाऊ होते. पॅरिसचा भाव वर गेला कीं खालीं आला हें बोर्दोस टपालानें कळण्यास कित्येक दिवस लागत. या भावांनीं तूर येथील तारायंत्रावरच्या माणसास वश केलें. पॅरिसहून टपालानें इशारा आला, कीं हा माणूस सरकारी संदेशांत मुद्दाम एक चूक घाली, आणि लगेच ती चूक रद्द करण्याची खूण करी. अधिकाऱ्याच्या हातीं पडणारा संदेश शुद्ध असे. पण बोर्दोजवळ मनोऱ्याकडे टक लावून बसलेल्या साथीदारास ती चूक दिसे, आणि तेवढ्यानें त्याला भाव समजे. १८३४ पासून दोन वर्षें हा उद्योग चालला. १८३६ मध्यें तो उघडकीस आला तेव्हां न्यायालयापुढें मोठाच पेंच पडला. कारण सरकारी तारायंत्रावरून खाजगी संदेश पाठवूं नये असा कायदाच नव्हता. भाऊ जवळजवळ निर्दोष सुटले. १८३७ सालीं फ्रान्सनें घाईघाईनें कायदा करून संदेशवहनाची मक्तेदारी सरकारकडे घेतली.

या प्रकरणांतून दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. जेथें प्रामाणिक माणसास खाजगी वाट मिळत नाहीं, तेथें अप्रामाणिक माणूस ती चोरून काढतो. आणि दुसरी अशी, कीं मनोरे शाबूत, यंत्र शाबूत, ओळ शाबूत असतांहि घात झाला तो ओळीच्या मध्यें बसलेल्या एका माणसामुळें. या दुसऱ्या गोष्टीकडे आपणांस पुन्हां यावयाचें आहे.

खाजगी वाट उजळ माथ्यानें विकण्याचा पहिला मोठा उद्योग लंडनमध्यें झाला. चार्ल्स व्हीटस्टन या शास्त्रज्ञानें १८५८ सालीं एक सुटसुटीत तारायंत्र सिद्ध केलें. घड्याळाच्या तबकडीप्रमाणें त्यावर अक्षरें मांडलेलीं असत. हातानें मूठ फिरविली कीं यंत्रांतच वीज उत्पन्न होई, त्यामुळें बॅटरीची जरूर नव्हती. आणि हवें तें अक्षर दाबलें कीं दुसऱ्या टोंकाच्या तबकडीवरील कांटा त्याच अक्षरावर जाऊन थांबे. मोर्सची टिंबें व रेघा शिकलेला तारमास्तर ठेवण्याचें कारणच उरलें नाहीं. पेढीवरचा साधा कारकून हें यंत्र चालवूं शके. या यंत्राच्या बळावर युनिव्हर्सल प्रायव्हेट टेलिग्राफ कंपनी निघाली आणि १८६१ सालीं तिला पार्लमेंटच्या कायद्यानें अधिकार मिळाले. ही कंपनी सर्वसाधारण लोकांच्या तारा घेतच नसे. ती कारखानदाराचें शहरांतील ऑफिस व गांवाबाहेरील कारखाना यांच्यामध्यें एक स्वतंत्र तार घराघरांच्या छपरांवरून ओढून देई आणि तिचें वर्षाचें भाडें घेई. तारेवर बोलणारे दोघेच. तिसऱ्याची रांग नाहीं आणि तिसऱ्याचा कानहि नाहीं.

१८६८ व १८६९ च्या कायद्यांनीं ब्रिटिश सरकारनें तारखात्याच्या सर्व कंपन्या विकत घेतल्या आणि १८७० पासून तारा पोस्ट ऑफिसच्या ताब्यांत गेल्या. खाजगी कंपनी गेली. पण खाजगी तार गेली नाहीं. ती आतां सरकार भाड्यानें देऊं लागलें. अमेरिकेंत वृत्तसंस्थांनीं हीच वाट धरली : असोशिएटेड प्रेसनें १८७५ मध्यें न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन ही तार स्वतःच्या बातम्यांसाठीं भाड्यानें घेतली. भाड्याची तार, इंग्रजांच्या भाषेंत 'लीज्ड लाइन', हा शब्द व्यवहारांत रूढ झाला तो येथून पुढें.

याच १८७० सालीं 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजानें मुंबई ते एडन अशी समुद्री तार टाकली आणि मुंबई लंडनशीं जोडली गेली. कापसाच्या व्यापाऱ्यास लिव्हरपूलचा भाव आगबोटीची वाट न पाहतां कळूं लागला. १८८२ च्या जानेवारींत मुंबईस टेलिफोनचें एक्सचेंज उघडलें. परंतु आपल्याकडे या सर्व साधनांवर सरकारची पकड पहिल्यापासून घट्ट होती. १८८५ च्या भारतीय तार कायद्यानें तार उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेविला. इतरांस ती परवान्यानेंच मिळूं शके. साम्राज्य गेलें, स्वराज्य आलें, तरी हा कायदा दीर्घकाळ टिकला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें त्याची जागा घेतली. आपल्या ऑफिसांतून आपल्याच कारखान्यापर्यंत, मधला रस्ता ओलांडून, एक तार टाकावयाची तरी ती सरकारच्या परवानगीवांचून टाकतां येत नसे. खाजगी तार म्हणजे स्वतःच्या मालकीची तार नव्हे, तर दुसऱ्याच्या तारेचा राखून ठेवलेला भाग, हा अर्थ आपल्याकडे यामुळें फार लवकर पक्का झाला.

येथें महाराष्ट्राशीं निकट संबंध असलेली एक वंशावळ सांगतों. १९२७ सालीं पुण्याजवळ खडकी येथें प्रेषणाचें व दौंड येथें ग्रहणाचें केंद्र उभारून इंग्लंडशीं बिनतारी संदेशांची सोय सुरू झाली. परदेशांशीं दळणवळणाचें हें काम १९४७ मध्यें ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या सरकारी खात्याकडे आलें. १९८६ मध्यें त्या खात्याचें विदेश संचार निगम झालें, २००२ मध्यें त्याचें नियंत्रण टाटा समूहाकडे गेलें आणि २००८ मध्यें तें टाटा कम्युनिकेशन्स या नांवानें वावरूं लागलें. ज्या घराण्याचा उगम दौंडच्या माळावर आहे, त्याच घराण्यानें पुढें क्लाउडच्या खाजगी जोडण्या विकण्याचा व्यवसाय केला. इतिहास आपलीं पात्रें फारशीं बदलीत नाहीं. त्यांचे पोशाख मात्र बदलतो.

आतां संगणकाच्या युगांत प्रवेश करूं. १९५३ सालीं अमेरिकेंतील एका विमानांत अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांच्या शेजारीं आय.बी.एम.चा एक विक्रेता बसला होता आणि योगायोगानें त्याचेंहि आडनांव स्मिथ होतें. गप्पांतून विषय निघाला तो तिकिटांचा. त्या काळीं एका आरक्षणाचें काम कार्डें हुडकून व टेलिफोन करून पुरें होण्यास सरासरी ९० मिनिटें लागत. या गप्पांतून 'सेबर' नांवाची योजना जन्मली आणि १९६४ पर्यंत ती देशभर सुरू झाली. न्यूयॉर्कजवळ दोन मोठे संगणक, आणि त्यांच्याशीं भाड्याच्या टेलिफोन-तारांनीं जोडलेलीं, गांवोगांवच्या खिडक्यांवरील सुमारें १,५०० यंत्रें. दूरच्या यंत्रास प्रश्न विचारावा आणि क्षणांत उत्तर यावें, हा अनुभव साधारण माणसास येथें प्रथम आला. त्या काळचा तो मेघच होता. फरक एवढाच कीं, तो एकाच मालकाचा होता.

बँकांनीं पुढचें पाऊल टाकलें. १९७३ सालीं १५ देशांतील २३९ बँकांनीं मिळून बेल्जममध्यें 'स्विफ्ट' ही संस्था स्थापिली आणि १९७७ पासून तिच्या स्वतःच्या खाजगी जाळ्यावरून देशोदेशींच्या बँकांचे पैशाचे निरोप जाऊं लागले. सावकाराच्या जासुदाचा हा जागतिक अवतार म्हणावा.

आपल्या देशांत १९८५ सालीं टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी बंगळूरास आली. तेथील अभियंत्यांचें काम परदेशांतील संगणकांपर्यंत पोंचविण्यास साधा टेलिफोन पुरेसा नव्हता, म्हणून तिनें उपग्रहाद्वारें स्वतंत्र वाहिनीची परवानगी मिळविली. त्या केंद्राची सामग्री बैलगाडीनें नेली गेल्याची कथा तेथें अजून सांगतात. आज ज्या उद्योगावर पुण्याहिंजवडीचीं, बंगळूराचीं व हैदराबादचीं लाखों घरें उभीं आहेत, त्याची पायवाट अशा भाड्याच्या वाहिन्यांनींच तयार केली. मुंबईंत नॅशनल स्टॉक एक्स्चेंजनें १९९४ मध्यें व्यवहार सुरू केले, ते दलालांच्या छपरांवरील लहान तबकड्यांतून, उपग्रहावाटे जोडलेल्या खाजगी जाळ्यावर. दलाल स्ट्रीटच्या चौकांत उभें राहून खुणा करण्याची विद्या ज्यांनीं आयुष्यभर शिकली, त्यांना आपल्या दुकानाच्या छपरावरील तबकडीचा हा बदल किती मोठा वाटला असेल !

परंतु स्वतंत्र तार ही श्रीमंतांची चैन होती. वापरा अगर वापरूं नका, भाडें चोवीस तासांचें पडे. म्हणून नव्वदीच्या दशकांत एक निराळी युक्ति निघाली. पूर्वी प्रतिष्ठित घरच्या स्त्रिया मेण्यांतून जात. रस्ता सर्वांचा, वर्दळ सर्वांची. पण मेण्याचे पडदे सोडलेले, त्यामुळें आंत कोण आहे हें कोणास दिसत नसे. त्याचप्रमाणें सार्वजनिक इंटरनेटवरूनच, पण सांकेतिक लिपीच्या पडद्याआड संदेश पाठवावयाचा. या युक्तीस आभासी खाजगी जाळें अथवा 'व्ही.पी.एन.' म्हणतात, १९९५ च्या सुमारास तिचे नियम लेखनिविष्ट झाले. मेण्यानें एकांत मिळतो, यांत शंका नाहीं. परंतु मेणा गर्दीस चुकवूं शकत नाहीं. रस्ता तुंबला कीं मेणाहि थांबतो. एकांत मिळाला, पण खात्री मिळाली नाहीं. उलट, वाहक कंपन्यांनीं आपल्या अंतर्गत जाळ्यांत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या संदेशांवर निराळी चिठ्ठी लावून त्यांस वेगवेगळें चालविण्याची पद्धति १९९९ च्या सुमारास आणली. तींत खात्री अधिक. पण पडदा नाहीं. हा भेद ध्यानांत ठेवावा, कारण पुढचा सर्व वाद त्यावर आहे.

२००६ सालीं अमेझॉन कंपनीनें आपली साठवण व आपले संगणक इतरांस भाड्यानें देण्यास प्रारंभ केला. मेघयुगाचा आरंभ बहुधा येथून मोजतात. घरच्या विहिरीच्या जोडीला म्युनिसिपालिटीचा नळ यावा तसें हें झालें : हवें तेवढें पाणी घ्यावें आणि तेवढ्याचेंच बिल द्यावें. पण ज्यांच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची विहीर होती, त्यांनीं ती बुजविली नाहीं, आणि तें शहाणपणाचें होतें. बँकेचें मुख्य खातें घरींच, आणि महिनाअखेरच्या हिशेबाचा भार मेघावर. इस्पितळाचीं कागदपत्रें घरींच, आणि क्ष-किरणांच्या चित्रांची साठवण मेघावर, अशी विभागणी होऊं लागली. मग विहीर आणि नळ यांना जोडणारा पाइप आला. २००९ मध्यें अमेझॉननें आपल्या मेघांत प्रत्येक गिऱ्हाइकास कुंपण घातलेली जागा देऊन तेथपर्यंत मेण्याची, म्हणजे व्ही.पी.एन.ची, सोय केली. २०११ च्या ऑगस्टांत अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यांतील ॲशबर्न येथें 'डायरेक्ट कनेक्ट' या नांवानें तिनें प्रत्यक्ष स्वतंत्र तारेची विक्री सुरू केली. २०१४ मध्यें मायक्रोसॉफ्टची 'एक्स्प्रेसरूट' ही सेवा निघाली, आणि गुगलनेंहि त्याच वर्षीं तशी जोडणी देऊं केली.

ही जोडणी प्रत्यक्षांत कशी होते हें सांगितलें पाहिजे, कारण ज्याला आपण मेघ म्हणतों तो या ठिकाणीं अगदीं जमिनीवर उतरतो. शहरांत एखादी अशी इमारत असते, जेथें अनेक कंपन्यांचे संगणक आणि अनेक वाहकांच्या केबली एका छपराखालीं येतात. मेघवाल्या कंपनीचा राउटर तेथें एका पिंजऱ्यांत असतो. बँक आपल्या इमारतीपासून येथपर्यंत एखाद्या वाहकाची वाहिनी भाड्यानें घेते. मग मेघवाली कंपनी तिला एक अधिकारपत्र देते : 'अमुक कपाटांतील अमुक दारापर्यंत या गिऱ्हाइकाची तार आणूं द्यावी.' तें पत्र इमारतीच्या व्यवस्थापकास दाखविल्यावर कामगार एका पिंजऱ्यापासून दुसऱ्या पिंजऱ्यापर्यंत कांचेचा एक पिंवळा तंतु ओढतो. हा तंतु कित्येकदां एखाद्या चाळीच्या जिन्याहून लांब नसतो. पण खाजगी वाटेचा सर्व अर्थ त्या कांहीं हातांत सांठविलेला असतो. यानंतर दोन्ही टोंकांचे राउटर 'माझ्याकडे अमुक पत्ते आहेत, तुझ्याकडे कोणते ?' अशी विचारपूस करतात आणि वाट सुरू होते. प्रारंभीं ही दारें सेकंदाला एक अगर दहा गिगाबिट रुंदीचीं असत. भाडें दाराचें तासावर, आणि मेघांतून बाहेर येणाऱ्या मालाचें वजनावर. आंत जाणाऱ्या मालास बहुधा जकात नसते. बाहेर येणाऱ्यास असते. या गोष्टीचा अर्थ पुढें सांगतों.

आणखी एक गोष्ट पैशानें विकत मिळत नाहीं, ती म्हणजे अंतर. कांचेंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबईहून दिल्लीस केबलीच्या वाटेनें सुमारें १,४०० किलोमीटर धरले, तर एका खेपेस सात सहस्रांश सेकंद आणि जाऊन येऊन चौदा. मुंबईहून अमेरिकेस व परत म्हटलें, तर हा आंकडा दीडशे-दोनशेंच्या पुढें सहज जातो. एका व्यवहारांत असे पन्नास प्रश्न-उत्तर झाले, तर खिडकीवरील गिऱ्हाइकाला दहा सेकंद ताटकळावें लागतें. तार कितीहि खाजगी असो, प्रकाशाहून वेगानें धांवण्याचा परवाना कोणतेंहि सरकार देऊं शकत नाहीं. म्हणूनच २०१५ च्या सप्टेंबरांत मायक्रोसॉफ्टनें पुणें, मुंबई व चेन्नई येथें, २०१६ च्या जूनमध्यें अमेझॉननें मुंबईस आणि २०१७ मध्यें गुगलनें मुंबईसच आपल्या यंत्रशाळा उघडल्या, तेव्हां आपल्या देशांतील बँका व कारखाने यांच्या दृष्टीनें मेघ खरोखर आवांक्यांत आला. २०१८ च्या एप्रिलमध्यें रिझर्व्ह बँकेनें पैशाच्या देवघेवीची माहिती भारतांतच ठेवावी असा आदेश काढला, त्यानें या देशी यंत्रशाळांचें महत्त्व आणखी वाढलें.

न्यूयॉर्क शहरांत हडसन स्ट्रीटवर ६० क्रमांकाची एक भव्य विटांची इमारत आहे. १९३० सालीं पुरी झालेली ही वास्तु वेस्टर्न युनियन या प्रख्यात तार-कंपनीनें आपल्या मुख्य कचेरीसाठीं बांधली. तारांचा जमाना संपला, कंपनी तेथून गेली. पण रस्त्याखालचे तिचे मार्ग तसेच राहिले. आज तीच इमारत अनेक वाहकांच्या कांचतंतूंचा मोठा जंक्शन आहे. जेथें एके काळीं तारमास्तर टिंबें व रेघा मोजीत, तेथेंच आतां मेघांच्या गांठी पडतात. ज्यांना हा विषय नवा वाटतो, त्यांनीं ही इमारत डोळ्यांपुढें आणावी.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळतों. आपली बँक जेव्हां म्हणते कीं 'आमची जोडणी खाजगी आहे', तेव्हां आपण निर्धास्त व्हावें काय ?

खाजगी या शब्दाचा आपण गुप्त असा अर्थ करतों, आणि तेथेंच फसतों. भाड्याच्या तारेवर दुसऱ्या गिऱ्हाइकाची वर्दळ नसते, एवढाच खाजगीपणाचा अर्थ. तारेवरील मजकुरास आपोआप कुलूप लागत नाहीं. तें आपण निराळें लावावें लागतें. २०१३ च्या ऑक्टोबरांत वॉशिंग्टन पोस्ट पत्रानें प्रसिद्ध केलें, कीं अमेरिकन व ब्रिटिश हेरखात्यांनीं गुगल व याहू यांच्या यंत्रशाळांना जोडणाऱ्या खाजगी वाहिन्यांवर कान लावला होता. आपल्याच दोन घरांमधील आपलीच वाट, तिला पडदा कशाला, असें त्या बड्या कंपन्यांसहि वाटत होतें. त्यानंतर त्यांनीं आपल्या अंतर्गत वाटांवरहि सांकेतिक लिपी सक्तीची केली.

दुसरा धोका टोंकाचा. २०१६ च्या फेब्रुवारींत बांगला देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या नांवें स्विफ्टच्या जाळ्यावरून खोटे हुकूम गेले आणि ८ कोटी १० लक्ष डॉलर फिलिपाइन्समध्यें गडप झाले. जाळ्यास कोणी हात लावला नव्हता. चोर बँकेच्या स्वतःच्या संगणकांत शिरला होता, आणि खाजगी तारेनें त्याचे हुकूम इमानें इतबारें पोंचविले. २०१८ च्या ऑगस्टांत आपल्या पुण्यांतील कॉसमॉस सहकारी बँकेवर असाच घाला पडला. ए.टी.एम.च्या मागणीस मंजुरी देणारी जी वाट बँकेच्या मुख्य हिशेबापर्यंत जावयाची, तिच्याऐवजीं एक खोटा मध्यस्थ बसवून चोरांनीं स्वतःच होकार दिले. सुमारें ९४ कोटी रुपये गेले. त्यांपैकीं १३ कोटींवर रक्कम स्विफ्टच्या वाटेनें हाँगकाँगला गेली. तूरच्या मनोऱ्यावर बसलेल्या त्या माणसाची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. १८३४ आणि २०१८ यांच्यामध्यें यंत्रें पार बदललीं. पण चोर अजूनहि मधल्या जागेवरच बसतो.

तिसरा धोका तुटण्याचा. २००८ च्या जानेवारीअखेर ईजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळच्या दोन केबली तुटल्या आणि पश्चिमेकडे जाणारा भारताचा मार्ग एकाएकीं अरुंद झाला. त्यांतून सर्वांनीं धडा घेतला, कीं महत्त्वाची वाट दुहेरी असावी. पण दोन वाहकांच्या दोन तारा घेतल्या म्हणजे झालें, असें नाहीं. पुष्कळदां त्या दोन्ही तारा रस्त्याच्या एकाच चरांतून जातात आणि गटाराच्या कामावरील कुदळीचा एक घाव दोहोंचा निकाल लावतो. दुसरी तार कोठून आंत येते, हें नकाशावर बोट ठेवून विचारणारा माणूस प्रत्येक संस्थेंत असला पाहिजे.

शेवटला धोका सर्वांत सावकाश येतो. मघाशीं म्हटलें कीं, मेघांत जाणाऱ्या मालास जकात नाहीं, बाहेर येणाऱ्यास आहे. पाइप जितका रुंद व सोयीचा, तितकें घरचें पाणी नकळत तिकडे वाहत जातें. विहिरीचा रहाट गंजतो, तो चालविणारा जुना माणूस निवृत्त होतो, आणि एके दिवशीं लक्षांत येतें कीं पाइप बंद करण्याची ताकद आपल्यांत उरलेली नाहीं. सावकाराला जासुदापासून ज्या तीन गोष्टी हव्या होत्या त्यांपैकीं खात्री वाढली, एकांत कांहींसा वाढला. पण ताबा हळूहळू दुसऱ्याकडे गेला. म्हणून मेघाकडे जाऊंच नये, असें मी म्हणत नाहीं. लहान सहकारी बँकेस जें संरक्षण व जी यंत्रसामग्री स्वतःच्या बळावर कधींच परवडली नसती, ती मेघानें तिच्या दारांत आणली आहे. परंतु जातांना परतीची वाट व तिचा खर्च कागदावर मांडून ठेवावा, इतकें मात्र आपल्या बँकेला, पतपेढीला, इस्पितळाला विचारण्याचा आपणां सर्वांना अधिकार आहे. पैसे आपले आहेत आणि आजाराचे कागदहि आपले आहेत.

शेवटीं पुन्हां त्या सावकाराकडे जाऊं. त्याच्याकडे स्वतःचा जासूद होता, स्वतःची वाट होती. तरीहि त्यानें पत्र उघड्या भाषेंत लिहिलें नाहीं. मोत्यांच्या व मोहरांच्या भाषेंत लिहिलें. वाट आपली असली तरी ती कोणाच्या हातीं लागेल याचा नेम नाहीं, हें तो जाणत होता. आणि तसें तें लागलेंहि. खाजगी वाट आणि सांकेतिक लिपी यांपैकीं एक असली कीं दुसरी नको, असें त्या साध्या व्यापाऱ्याला वाटलें नाहीं. अडीचशे वर्षांनंतर कांचेच्या तारा वापरणाऱ्या आपणांस त्याच्याहून वेगळें वाटण्याचें कांहीं कारण दिसत नाहीं.